मालाचा जन्मदाखला

अप्पांच्या अंगाला कायम चंदनाच्या अत्तराचा वास यायचा. तो वास मला आजही सहन होत नाही. कुणाच्या लग्नात, बसमध्ये, देवळाबाहेरच्या गर्दीत तो आला की तोंडाला पाणी सुटतं, उलटी व्हायच्या आधी सुटतं तसलं. खरं तर अप्पांनी माझं स्वतःचं काही वाकडं केलेलं नाही. माझ्याशी इतकं गोड दुसरं कुणी बोललंही नसेल.

मी सोलापुरात उद्योजकांच्या एका संस्थेत नोकरी करते. परदेशी जाणारा माल इथेच तयार झाला आहे, असा दाखला आमच्याकडून मिळतो. काही देशांशी आपले करार आहेत. टॉवेल आपल्याकडे विणलेला असेल तर तिकडच्या बंदरात त्याच्यावरचं आयातशुल्क कमी होतं, कधी पूर्ण माफ होतं. तोच टॉवेल तिसऱ्याच देशात विणलेला असला तर शुल्क पुरतं भरावं लागतं. म्हणून हा दाखला. सूत कुठून घेतलं, कापड कुठे विणलं, शिवण कुठे झाली, हे कारखानदाराने लिहून द्यायचं आणि आम्ही पडताळायचं. अप्पा त्याला जन्मदाखला म्हणायचे. “काय मॅडम, आमच्या लेकरांचा जन्मदाखला झाला का?” असं म्हणत ते काउंटरवर दोन्ही कोपरं टेकायचे. अर्ज आता संगणकावरूनच भरतात, कुणी यायची गरज नसते. अप्पा तरी यायचे. माणसाला भेटल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ते मूळचे दुधनीचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. ड्रायव्हरशी कन्नडमध्ये बोलत, कामगारांशी तेलुगूत, रंगाच्या कारखान्यातल्या लोकांशी इथल्या दखनीत, आणि बँकेतल्या साहेबांशी अगदी पुस्तकी मराठीत. माझ्याशी मात्र गावाकडच्या मराठीत बोलायचे. मी मंद्रूपची म्हणून असेल.

मंद्रूपची आहे हे त्यांनी पहिल्याच भेटीत काढून घेतलं होतं. मी नवीन होते. त्यांनी टेबलावरच्या पाटीवरचं ‘बनसोडे’ वाचलं आणि विचारलं, “मूळ गाव कुठलं तुमचं?”

“मंद्रूप.”

“आरं वा. आमचे लई पाव्हणे हायेत तितं. मंद्रूपात कुठल्या अंगाला?”

हा प्रश्न कशासाठी असतो हे आम्हाला शाळेपासून कळतं. मी सरळ सांगितलं, “विहाराच्या अंगाला.”

“छान, छान,” ते म्हणाले. “लई शिकलेली मान्सं तुमची. आमच्यापेक्षा पुढं गेली.” आणि मान हलवत हसले. ते हसणं कुठेही धरता येण्यासारखं नव्हतं. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं.

प्रत्येक नवीन माणसाला ते हेच विचारत. शिपायाला, बँकेतून आलेल्या मुलीला, झेरॉक्सवाल्याला. मूळ गाव, मग गावातली बाजू, मग आडनाव, मग “अमुक तुमचे कोण?” माणसाचं मूळ त्यांना पक्कं कळल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

त्यांची आणखी एक सवय होती. येताना पिशवीत नवे टॉवेल असायचे. त्यातला एक काढून ते स्वतःच्या गालावर घासत, डोळे मिटून त्याचा वास घेत, आणि मग तोच टॉवेल समोरच्याच्या तोंडापाशी धरत. “गाल लावून बघा. लावा की. सोलापूरचं सूत हाय.” त्यांच्या गालाचा घाम, अत्तर, कधी पानाचा लालसर डाग, सगळं त्या टॉवेलला लागलेलं असायचं. मी मान मागे घ्यायची. आमचे वाघमोडेसाहेब मात्र दरवेळी गाल लावायचे आणि “मऊ आहे,” म्हणायचे. साहेब तसे सरळ माणूस. कुणाला नाही म्हणायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला घाम येई.

चटणीची गोष्ट सांगितल्याशिवाय अप्पा कळणार नाहीत.

दर दिवाळीला ते सगळ्या कार्यालयाला शेंगाचटणी आणत. काचेच्या बरण्या, वर लाल कापड बांधलेलं. “आमच्या आईनं उखळात कुटलीय. दुधनीच्या शेंगा. म्हातारीचे हात-गुडघे दुखत्यात, पन ऐकत न्हाय,” असं म्हणताना त्यांचा आवाज ओला व्हायचा. आमच्याकडच्या बायका म्हातारीचं कौतुक करायच्या. एकीने तर म्हातारीसाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन दिला होता, आणि अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला होता.

एका दिवाळीत मी बरणी घरी नेली आणि रिकामी झाल्यावर गरम पाण्यात बुडवून ठेवली. काचेवरून चिकट कागदाचा एक तुकडा सुटून वर आला. शुक्रवार पेठेतल्या एका दुकानाचं लेबल होतं. नखाने खरवडून काढायचं राहून गेलेलं. त्या दुकानातून मी स्वतः चटणी आणते.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी हळूच विचारलं, “अप्पा, आईंची तब्येत कशी आहे?” शेजारी त्यांचा ड्रायव्हर उभा होता. तो पटकन म्हणाला, “कुनाची आई? अप्पांची आई जाऊन लई वर्सं झाली की.”

मला वाटलं, आता हा माणूस खाली बघेल. अप्पांनी खाली बघितलं नाही. माझ्याकडेच बघत, अगदी मायेने म्हणाले, “मॅडम, चव आईच्या हातचीच हाय. मी स्वतः चाखून घेतो. तशी लागली तरच घेतो. मग ती आईचीच झाली की न्हाय?”

ड्रायव्हर हसला, मीसुद्धा हसले. तेव्हा ते गमतीचं वाटलं. गुडघ्याच्या पट्ट्याचं काय केलं असेल हे मात्र डोक्यातून गेलं नाही.

मग एके दिवशी परदेशातल्या सीमाशुल्क खात्याकडून विचारणा आली. अप्पांच्या कारखान्याचे जे टॉवेल शुल्क माफ होऊन तिकडे उतरले होते, ते खरोखर भारतात विणले गेले का, याची खात्री करून कळवा. अशी विचारणा आली की आम्ही कारखान्यात जाऊन बघतो. वाघमोडेसाहेब आणि मी जायचं ठरलं. साहेबांनी अप्पांना फोन करून दिवस कळवला. तसं कळवावंच लागतं.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा फाटकापासून रांगोळी होती. आत मागांचा खडखडाट चालू होता, इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दोन रांगांत माग, प्रत्येकापाशी कामगार, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. सगळे तेलुगू विणकर, बहुतेक उतारवयाचे. इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. कोपऱ्यात डबे ओळीने मांडून ठेवलेले. मागांना हळद-कुंकू लावलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली.

“आज काही सण आहे का?” साहेबांनी विचारलं.

“आमच्याकडं रोजच सण, साहेब,” अप्पा म्हणाले. “माग म्हंजे लक्ष्मी.”

त्यांनी आमच्यासमोर नारळ फोडला. पाणी पहिल्या मागाच्या पायाशी ओतलं. हात जोडले आणि तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने बघते तर त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसलंही नाही. त्यांना रडताना बघून म्हातारे विणकर रडायला लागले. एकाने मागावर डोकं टेकवलं. मला स्वतःलाही भरून आलं होतं, हे सांगायला हवं, कारण त्या रडण्यात काही खोट नव्हती. पुढे सगळं कळल्यावर मी पुष्कळदा त्या घटकेकडे परत जाऊन बघितलं आहे. ते रडणं खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं. माणूस नाटक करतो आहे आणि त्याला ते ठाऊक आहे, एवढंच झालं असतं. अप्पा खरे रडत होते. स्वतःच उभ्या केलेल्या देखाव्याने त्यांना गहिवरून आलं होतं.

साहेबांनी मागावर डोकं टेकवलेल्या त्या विणकराला जवळ बोलावलं. लक्ष्मण गड्डम. उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशा. माग थोडा वेळ बंद करून साहेबांनी विचारलं, “इथे किती वर्षं काम करता?”

“लई वर्षं, साहेब. जवानीपासून.”

“मध्ये कधी काम बंद होतं?”

गड्डममामांनी अप्पांकडे बघितलं नाही. मागाकडे बघितलं. “नाही साहेब. रोज चालू आहे.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. निघताना ते मला म्हणाले, “स्वच्छता बाकी चांगली ठेवली आहे.” मलाही तसंच वाटलं होतं. ज्या शेडमध्ये रोज सूत चालतं तिथे पिंज उडून पंख्यांवर, तारांवर, माणसांच्या भुवयांवर बसते. अप्पांच्या शेडमध्ये फिनेलचा वास होता आणि पंख्यांची पाती चकचकीत होती. नजरेला दिसलं, मनात शिरलं नाही. दाखले खरे असल्याचं उत्तर गेलं.

साधारण महिन्याभराने गड्डममामा आमच्या काउंटरवर आले. तोच इस्त्रीचा शर्ट. मी ओळखलं, खुर्ची दिली. ते बसेनात. उभ्यानेच म्हणाले, “मॅडम, तुमचा कागद झाला का?”

“कुठला कागद?”

“तो तपासणीचा. कागद झाला की कारखाना सुरू होणार ना. अप्पा सांगितले. मी रोज वाट बघालालो.”

“कारखाना तर सुरूच आहे की, मामा.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

माग कधीच बंद पडले होते. कामगारांना घरी बसवून काही वर्षं झाली होती. कापड बाहेरच्या देशातून कंटेनरमध्ये यायचं, विणून तयार. इथे फक्त कापायचं, बायकांकडून कडा शिवून घ्यायच्या आणि ‘भारतात तयार’ असं लेबल लावायचं. गड्डममामा एका अपार्टमेंटमध्ये वॉचमन झाले होते. बाकीचे कुणी भाजी विकत होते, कुणी रिक्षा चालवत होते. तपासणीच्या आठवड्यात अप्पा स्वतः प्रत्येकाच्या घरी गेले. चटईवर बसले, पाणी मागून प्यायले. तेलुगूत म्हणाले की आपला कारखाना परत उघडतो आहे, साहेब लोक बघून गेले की कायमचं काम. फक्त मधे बंद होता असं बोलू नका, नाहीतर परवानगी मिळणार नाही.

“मग?”

“मग मी वॉचमनचं काम सोडलो. बायको म्हणाली, थांबा थोडं. मी म्हणलो, माग बोलावलालाय तर थांबू कसं.” ते थांबले. “तुम्ही गेल्यावर अप्पा सगळ्यांना जेवण घातले. मग लाइट बंद केले. उद्यापासून ना म्हणलं, तर म्हणले, कळवतो. आता फाटकावरचा माणूस आत सोडत नाही.”

मी विचारलं, “तुम्ही साहेबांना खोटं का सांगितलंत, मामा?”

“कारखान्यासाठी बोललो, मॅडम. सगळ्यांचं काम येणार म्हणून बोललो.” आणि मग अगदी हळू, “तुम्ही हे विचारायलाच आला होता का? विणलं कुठं ते?”

मी हो म्हटलं. तेव्हा ते खुर्चीवर बसले. आपल्याला कशासाठी उभं केलं होतं, हे त्यांना त्या खुर्चीत कळलं. मी चहा मागवला तो त्यांनी घेतला नाही. ते एवढंच म्हणाले, “खरं लिहून देतो. कुठं लिहायचं सांगा.”

मी त्यांना वाघमोडेसाहेबांच्या खोलीत नेलं. साहेबांनी सगळं ऐकलं, कपाळ पुसलं, पुन्हा सगळं ऐकलं आणि अप्पांना बोलावून घेतलं.

अप्पा आले ते हसतच. आधी वास आला, मग ते. खुर्चीत बसलेल्या गड्डममामांकडे एकदा बघून साहेबांना म्हणाले, “हे कोण?”

गड्डममामा उठले. “अप्पा, मी लक्ष्मण.”

“रोजंदारीवर लई मान्सं येत्यात, साहेब. समद्यांची तोंडं कुटं लक्षात ऱ्हात्यात.”

ज्याच्या घरी चटईवर बसून पाणी प्यायले, त्याचं तोंड. साहेबांनी मामांचं लिहून घेतलेलं म्हणणं वाचून दाखवलं. आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत वाचलं. अप्पांनी ते डोळे मिटून ऐकलं, आणि संपल्यावर जे केलं ते मला अजून दिसतं. खुर्ची मागे सरकवून ते उठले, गड्डममामांच्या पुढे गुडघे टेकले आणि त्यांचे पाय धरले. “अन्ना, अन्ना,” म्हणत तेलुगूत काहीतरी बोलत राहिले. पाणी पुन्हा डोळ्यांतून वाहत होतं. एवढा मोठा कारखानदार, पांढऱ्या सफारीत, जमिनीवर.

गड्डममामांनी एक पाय सोडवून घेतला, मग दुसरा. चिखलातून काढावा तसा. दोन पावलं मागे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

अप्पा उठले, गुडघे झटकले आणि साहेबांना अगदी साध्या आवाजात म्हणाले, “यांच्या पोटासाठीच करत होतो मी. ऑर्डर टिकली असती तर माग सुरू केलेच असते.”

“पण कापड इथलं नाही,” साहेब म्हणाले.

“कडा तर इथल्याच बायकांनी शिवल्यात की. पाणी सोलापूरचं, हात सोलापूरचे, लेबल सोलापूरचं. आता अजून काय सोलापूरचं पायजे?”

हे ते खोटेपणाने बोलत नव्हते. लबाड माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. आमच्या कामात ती रोज भेटतात. त्यांना आपण लबाडी करतो हे माहीत असतं, म्हणून ती थोडी घाबरतात, चिडतात, नजर चोरतात. अप्पांची नजर लहान मुलासारखी स्वच्छ होती. त्यांच्या लेखी ते टॉवेल खरोखरच सोलापूरचे झाले होते, आणि गड्डममामा खरोखरच अनोळखी होते, आणि थोड्या वेळाने खरोखरच थोरले भाऊ होते.

दाखले रद्द झाले. तिकडच्या व्यापाऱ्याला माफ झालेलं शुल्क भरावं लागलं. अप्पांच्या कारखान्याचं नाव आमच्याकडून काढून टाकलं. त्याचा परिणाम असा झाला की कडा शिवणाऱ्या बायकांचं काम तेवढं गेलं. त्यांपैकी काही जणी आमच्या दारात येऊन गड्डममामांना शिव्या देऊन गेल्या. मामा तेव्हा कुठेतरी दुसऱ्याच्या शेडमध्ये रात्रपाळीला लागले होते, माग चालवायला नव्हे, गठ्ठे उचलायला. अप्पांनी थोड्याच दिवसांत सुनेच्या नावाने नवीन कंपनी काढली. नवीन कंपनीचा अर्ज आला तेव्हा मी तो तपासून बघितला. मसाल्यांचा होता. सगळं नियमात बसत होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं.

गड्डममामांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. मामा स्वतः पत्रिका घेऊन आले होते, म्हणून मी गेले. छोटं कार्यालय, खाली बसून पंगत. मी एका रांगेत बसले आणि समोर बघते तर अप्पा. सफारीच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, हातात जिलेबीचं ताट, घामाने डबडबलेले. आग्रह करकरून वाढत होते. म्हाताऱ्या बायकांशी तेलुगूत थट्टा चालली होती आणि त्या हसून हसून आणखी एक घेत होत्या. लग्न त्यांच्याच घरचं वाटावं असं.

मामा माझ्या मागून जाताना थांबले. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

“बोलावलं नव्हतं,” ते खाली वाकून म्हणाले. “आले. मुलीच्या लग्नात दारातल्या माणसाला काय बोलणार, मॅडम.” आणि पाणी कुणाला हवं का बघत पुढे गेले.

अप्पा आमच्या रांगेत आले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “अरे, मॅडम. लई दिवसांनी. कश्या हायेत? घ्या.”

मी पानावर हात आडवा धरला. “नको.”

“एक तरी.”

“नको, अप्पा.”

आजूबाजूचे लोक बघायला लागले. अप्पा वाकलेलेच होते, हसत. अत्तर आणि तुपाचा एकत्र वास येत होता. मला वाटलं, आता पुढे जातील. त्यांनी ताटातली एक जिलेबी उचलली आणि मी पानावर धरलेल्या हाताच्या पाठीवर अलगद ठेवली. “लेकीचं लग्न हाय. नको म्हनायचं नसतं,” असं मायेने म्हणून ते शेजारच्या बाईकडे वळले.

सगळे हसले. पाक बोटांच्या मधून खाली उतरत होता. हात हलवला तर जिलेबी पानात पडणार होती, म्हणून मी तो तसाच धरून बसले, आणि अप्पांची वाकलेली पाठ रांगेच्या टोकापर्यंत जाऊन पुढच्या रांगेकडे वळेपर्यंत उठले नाही.